घड्याळजींचा शर्ट

ताईंचे काम कपड्यांवर खुणा घालण्याचे होते. कपडा लाँड्रीत आला की भट्टीत जाण्याआधी तो त्यांच्या हाताखालून जायचा. शर्ट असेल तर कॉलरच्या आत, चादर असेल तर कोपऱ्यात, लाल दोऱ्याचे चारदोन टाके. कुणाच्या घराला दोन आडव्या रेघा, कुणाला फुली, कुणाला फुलीशेजारी एक ठिपका. सगळ्या गावाचे कपडे एकाच भट्टीत उकळायचे आणि या टाक्यांच्या जोरावर आपापल्या घरी परत जायचे. खूण घराची असे, माणसाची नसे. कोणती खूण कोणत्या घराची हे कुठे लिहिलेले नव्हते, ते ताईंच्या डोक्यात होते. लाँड्रीचे मालक म्हणायचे, "ही एक दिवस आजारी पडली ना, तर अख्खं गाव एकमेकांच्या पायजम्यात फिरेल."

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांचे डोळे अधू झाले होते. त्या आणि त्यांची भावजय अशा दोघी आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहत आणि दिवसभर एकमेकींना टोचून बोलत.

"ताई, मीठ घातलं का?"

"घातलं. आणि तू विचारणार हे ठाऊक होतं म्हणून परत एकदा घातलं."

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीची हकीकत मला एकदम कळली नाही. थोडी ताईंनी सांगितली, थोडी घड्याळजींनी त्यांच्या म्हातारपणी, आणि शेवटचा भाग भावजयीने, तोही एकदाच. ती क्रमाने लिहून ठेवावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

ताईंचे आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ त्यांनीच वाढवला. तो इतका उंच झाला की सगळे त्याला शिडी म्हणत. लाँड्रीत तो पाणी भरायचा, कोळसा ओढायचा. पण ताईंनी त्याला हट्टाने शिकवले होते आणि त्याचे अक्षर चांगले होते. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. अशात नदीपलीकडच्या गिरणीत कारकुनाची जागा निघाली आणि त्याला भेटीचे बोलावणे आले.

लाँड्रीवाल्यांची एक रीत असते. गिऱ्हाइकांना ती माहीत नसते, किंवा माहीत असून कुणी बोलत नाही. दुकानात पडून असलेला एखादा चांगला कपडा घरचे माणूस लग्नाला नाहीतर महत्त्वाच्या कामाला घालून जाते. परत आले की तो कपडा पुन्हा भट्टीत जातो, इस्त्री होतो आणि ठरल्या दिवशी मालकाच्या घरी पोचतो. यात काही चोरी आहे असे कुणाच्या मनातही येत नसे. शिडीची अडचण अशी की गावातल्या कुणाचीही बाही त्याच्या मनगटापर्यंत पोचायची नाही. फक्त घड्याळ दुरुस्त करणारे घड्याळजी तेवढे उंच होते, आणि त्यांचा एक शर्ट त्या आठवड्यात धुवायला आला होता.

"हा घाल," ताई म्हणाल्या.

"ताई, निळ्या रेघा जरा जास्तच होतात."

"नोकरी रेघांना मिळणार आहे की तुला?"

भावजय दारातून बघत होती. "मनगटं झाकली गेली हो! लग्नातसुद्धा बाहेर लोंबत होती."

"तू गप्प बस. आणि हे बघ," ताईंनी बटणे लावता लावता भावाला बजावले, "शनिवारच्या आत आण. शनिवारी त्यांच्या घरचा गठ्ठा जातो. घाम आणू नकोस, डाग पाडू नकोस."

"मग गिरणीच्या साहेबासमोर काय खुंटीला लटकून राहू?"

"राहा. तेवढा उंच आहेस."

तो हसत पूल ओलांडून गेला. घड्याळजी स्वतः दोन दिवस आधीच पलीकडे गेले होते, स्प्रिंगा आणि काचा आणायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला नाही. पूल बंद झाला हे गावाला कळले ते असे. लोक भांडी हातात घेऊनच नदीवर गेले. पुलाच्या तोंडाशी दोन गाड्या आडव्या लावल्या होत्या, मध्ये साखळी होती आणि साखळीमागे बंदुकवाले शिपाई. पलीकडच्या शहरात पटकी लागली होती. आदल्या दिवशी ज्या पुलावरून माणसे तंबाखू आणायला जात, त्याच्याकडे सगळे तोंड उघडे टाकून बघत उभे राहिले. कुणाची बायको पलीकडे माहेरी होती, कुणाचा बाप दवाखान्यात. एक म्हातारा शिपायाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "अहो, माझं घर ते, ते दिसतंय बघा, कौलं दिसतायत." शिपाई म्हणाला, "दिसतंय ना? मग बघा."

दुपारी नावा काठावर ओढून त्यांच्या तळाला भोके पाडली. नावाडी बाजूला उभा राहून बघत होता. कुणीतरी त्याला म्हणाले, "अरे, काही बोल तरी." तो म्हणाला, "कुणाला बोलू? पहार माझीच घेतलीय त्यांनी."

नियम असा झाला की पलीकडून कुणी सरळ यायचे नाही. यायचेच असेल त्याने पुलाच्या पलीकडच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. मुदत भरेपर्यंत धडधाकट राहिला तर सोडायचे. आजारी पडला तर शेजारच्या दुसऱ्या शेडमध्ये. तिथे घरच्या माणसांनी जायचे नाही, पत्र टाकायचे नाही. टपालाची पिशवीसुद्धा पुलावर अडकली. पहिल्या दिवशी त्या शेडमध्ये इतकी माणसे घुसली की नावे लिहून घ्यायलाही कुणी नव्हते.

"शिडी तिकडे शहरातच थांबला असेल," ताई भावजयीला म्हणाल्या. "गिरणीत कुणी ना कुणी ठेवून घेतं. तो काही त्या पत्र्यात शिरायचा नाही."

"शिरायचे नाहीत ना?"

"वेडा आहे का तो?"

चार दिवसांनी सरकारी माणसे लाँड्रीत आली. गावात वाफेची भट्टी तेवढी एकच होती. शेडमधल्या लोकांचे कपडे, चादरी, कांबळी सगळे हातगाडीने येऊ लागले आणि उकळून परत जाऊ लागले. मेलेल्या माणसाचे कपडे मात्र तिथेच जाळत आणि माणसाला तिथेच, शेडच्या मागे, चुना टाकून पुरत. पण मेला तो कोण, हे कळणार कसे? पटकी आधी आवाज घेऊन जाते. दुसऱ्या शेडमध्ये उचलून आणलेल्या माणसाला नाव सांगता येत नसे, आणि त्याच्यासोबत कुणाला जाऊ देत नसत. तेव्हा तिथल्या कंपाउंडरच्या लक्षात आले की आपल्या गावच्या माणसांच्या कपड्यांवर लाल टाके असतात.

खालचे कपडे घाण होऊन आधीच जाळलेले असत, म्हणून मग तो वरच्या कपड्यातला टाक्यांपुरता तुकडा कापून, औषधाच्या पाण्यात उकळून, पत्र्याच्या थाळीत घालून खिडकीशी आणू लागला. कंपाउंडर तरुण होता, चांगल्या मनाचा होता. थाळी पुढे करताना तो भिंतीकडे बघायचा.

"हा कुणाचा, ताई?"

"शाळेमागचे सुतार."

"आणि हा?"

"हा... दिवाबत्तीवाला. त्याच्या घरी दोघं भाऊ आहेत. वय काय होतं?"

"पिकलेले केस होते."

"मग थोरला."

ताईंनी घर सांगायचे, चपराशाने जाऊन घरी कळवायचे. कधी कुणाचा काका आहे की मुलगा आहे ते कंपाउंडरला विचारून ठरवायचे. टाके घालताना ताईंनी ज्या घरांना मनात नावे देऊन ठेवली होती, त्यांतली एकेक आता त्यांच्या तोंडून बाहेर पडू लागली. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तो तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. "त्या सुताराच्या शर्टाला मी गेल्या महिन्यातच नवा टाका घातला," एवढेच त्या म्हणाल्या.

गावाला हे लगेच कळले. ताई रस्त्याने निघाल्या की बायका दारे लोटून घेऊ लागल्या. वाण्याची बायको तर दुकानात येऊन रडकुंडीला आली.

"ताई, पाया पडते, आमची खूण काढून टाका कपड्यांवरून."

"अहो, खुणेनं काय होतंय?"

"खूणच नसेल तर तुमच्याकडे तुकडा यायचा नाही."

"तुमचं माणूस तर पलीकडे नाहीच ना? नवरा दुकानात बसलाय."

"तरी काढा."

आणि खरेच, नंतर धुवायला आलेल्या कपड्यांवरची खूण लोकांनी घरीच उसवलेली असे. कॉलरला नुसती भोके. एका चादरीचा कोपराच कापून टाकलेला होता. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "आता हे परत कुणाला देऊ? गावजेवण घालून चादरी वाटू का?"

लाँड्रीतल्या माणसांचे कपडेही त्याच भट्टीत जायचे, म्हणून त्यांनाही खूण होती. ताईंच्या घराची खूण एक लहानसे वर्तुळ होते. थाळी खिडकीत आली की ताई आधी फक्त तेवढेच बघत. वर्तुळ नाही ना. मग श्वास सोडत आणि मग तुकडा उचलत. संध्याकाळी भावजय दारात उभी असे.

"आज?"

"आपला नाही."

मग दोघी जेवायला बसत. कुणाचा होता ते भावजय विचारत नसे.

अशात एका सकाळी कंपाउंडरने थाळीत एकच तुकडा आणला. कॉलरच्या आतली पांढरी पट्टी, आणि तिच्यावर दोन उभे टाके, त्यांच्यामध्ये एक तिरका. वर्तुळ नव्हते.

"अरे देवा," ताई म्हणाल्या. "हे तर घड्याळजी."

"नक्की?"

"त्या घरात दुसरा पुरुष नाही." तरीही त्यांनी विचारून घेतले, कारण खूण घराची असते, माणसाची नसते. "उंच होता का?"

"उंच? अहो, पाय खाटेच्या बाहेर येत होते. खाली खोकं ठेवलं होतं आम्ही."

"मग घड्याळजीच."

चपराशी तुकडा घेऊन गेला. घड्याळजींच्या बायकोचे ओरडणे लाँड्रीपर्यंत ऐकू आले. ताईंनी सुई खाली ठेवली आणि थोड्या वेळाने परत उचलली. संध्याकाळी भावजयीने विचारले, "आज?" आणि ताईंनी रोजच्यासारखेच सांगितले. त्या दिवशी मात्र त्यांनी नावही सांगितले, कारण घड्याळजींचे घर दोन दारे सोडून होते. भावजयीने ऐकून चूल विझवली. मग म्हणाली, "मी जाते त्यांच्याकडे. त्या एकट्या आहेत." ती गेली ती तिथेच राहू लागली. त्या बाईला भरवायची, वेणी घालायची, शेजारी झोपायची. घड्याळजींचे कपडे बायकोला डोळ्यांसमोर नकोसे झाले तेव्हा ते गोळा करून गरजूंना वाटून टाकण्याचे कामही भावजयीनेच केले.

साथ ओसरली तसा पूल दिवसातून थोडा वेळ उघडू लागला. आणि एका दुपारी, खांद्याला पिशवी लावून, घड्याळजी चालत आले.

पहिल्यांदा त्यांना न्हाव्याने पाहिले. तो गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून दुकानातून पळाला. गिऱ्हाईक साबणासकट बाहेर आले आणि तेही पळाले. घड्याळजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून विचारत होते, "अरे, काय झालं? मागे काय आहे?" आणि मागे वळून बघत होते. ते शहरात एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे सुखरूप राहिले होते, शेडच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते. बायकोने दार उघडले. तिने आधी त्यांच्या गालावर फाडकन मारली, मग तोच गाल हाताने चाचपून बघितला, आणि मग उंबऱ्यावरच बसून राहिली. तिला उठवायला दोन माणसे लागली.

गाव चक्रावून गेले होते, पण खुशही होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी उलट्या दिशेने आले होते. दुसऱ्या दिवशी घड्याळजी पाचपंचवीस माणसांचा घोळका घेऊन लाँड्रीत हजर झाले.

"काय ताई, मला मारून मोकळ्या झालात?"

ताई उठून उभ्या राहिल्या. "घड्याळजी, माझं चुकलं हो. पण खूण तुमचीच होती."

"असेल ना! हा काय, आणलाय." त्यांनी खिशातून तो तुकडा काढला आणि झेंड्यासारखा हलवला. "बाईनं उशाखाली ठेवला होता. जिवंतपणी माझा रुमाल कधी ठेवला नाही!" लोक खो खो हसले. "बरं, पण ही गंमत मला उलगडत नाही. मी दोन शर्ट नेले होते. एक हा अंगात, एक पिशवीत. दोघांच्या कॉलरी जागेवर. तिसरा इथेच धुवायला टाकलेला, निळ्या रेघांचा. तोच न्यायला आलोय. बाकीचे बाईनं वाटून टाकले. म्हटलं, मेलेल्या माणसाचा एक शर्ट तरी लाँड्रीत शिल्लक असेल!"

पुन्हा सगळे हसले. मालकही हसू लागले होते, पण त्यांचे हसू अर्ध्यावरच थांबले आणि तोंड तसेच उघडे राहिले.

ताई म्हणाल्या, "उद्या देते."

"उद्या कशाला? आज द्या."

"इस्त्री व्हायचीय. उद्या देते."

"बघा हं. मेलेला माणूस किती थांबणार!" म्हणत घड्याळजी घोळक्यासह निघून गेले.

पुढे पुष्कळांनी ताईंना विचारले, शर्ट तुम्हीच दिला होता, मग तुकडा बघून आठवले कसे नाही? ताई म्हणायच्या, "मी तुकडा कुठे बघत होते? आमचं वर्तुळ नाही, एवढंच बघत होते. ते नाही म्हटल्यावर माझं डोकं तिथंच बंद पडलं."

मालकांनी दुकानाची फळी अर्धी ओढली.

"ताई, इकडे ऐक. तोंडातून शब्द काढू नकोस. गिऱ्हाइकांचे कपडे आपण अंगावर घालतो हे बाहेर गेलं तर उद्या एक रुमालसुद्धा येणार नाही दुकानात. आधीच लोक खुणा उसवतायत."

ताई सुईतला लाल दोरा ओढून काढत होत्या.

"आणि अजून ठरलंय काय? शिडीनं तो कुणाला दिला असेल. चोरीला गेला असेल. तिकडे कुणाला थंडी वाजली असेल, तो काय, अंगातला काढून देणारा माणूस. आहे की नाही?"

"आहे," ताई म्हणाल्या.

"मग? घरी जा. मी दुसरा निळ्या रेघांचा शिवून घेतो घड्याळजीला. कळणार पण नाही."

ताई घरी गेल्या नाहीत, पुलावर गेल्या. जाताना त्या मालकांचेच बोलणे मनात घोळवत होत्या. दिला असेल. चोरीला गेला असेल. रस्त्यात त्यांना दोघीतिघींनी हाक मारली. घड्याळजी परत आल्यापासून बायकांनी दारे लोटणे बंद केले होते. "ताई, तुमचाही येईल बघा आता!" एकीने खिडकीतून सांगितले. ताईंनी मान हलवली.

कंपाउंडर साखळीपाशी स्टूल टाकून बसला होता. त्यांना बघून तो लगबगीने उठला.

"ताई, मी ऐकलं. घड्याळजी परत आलेत! मला तर रात्रभर कळेना, मग आम्ही पुरला तो कोण?"

"तो काही बोलला होता का?"

"आवाज पार बसला होता हो."

"तरी. काहीतरी."

कंपाउंडरने आठवून बघितले. "एकच धरून बसला होता. शर्ट काढा, शर्ट काढा. आम्हाला वाटलं, आतून आग होतेय, जीव घाबरा झालाय. काढायला गेलो तर हात धरतो आणि म्हणतो, जपून. डाग पडेल, जपून. मरणाच्या दारात माणूस आणि..." तो थांबला. ताईंचा चेहरा बघून थांबला. "वातात होता, ताई. वातात माणसं काहीही बोलतात."

"अजून काय?"

"नको आता."

"सांगा."

"शनिवारी द्यायचाय म्हणाला. पुन्हा पुन्हा. पूल बंद झाला त्या पहिल्याच गर्दीत आत शिरला होता म्हणे. शेडमधले दुसऱ्या गावचे लोक सांगत होते, हा उंच माणूस सारखा दारात येऊन विचारायचा, शनिवारच्या आत सोडाल का. वेळेवर पोचायचंय. आता काय उपयोग, पण शहरातच थांबला असता तर..."

ताईंनी साखळी धरली. पलीकडच्या टोकाला शेडचे पत्रे चकाकत होते, आणि त्यामागे जमिनीवर चुन्याचा पांढरा पट्टा दिसत होता, लांबलचक, एकसलग. त्यात कुठे सुरुवात, कुठे शेवट काही कळत नव्हते.

थोड्या वेळाने कंपाउंडरने विचारले, आणि या वेळी तो भिंतीकडे बघू शकला नाही, कारण भिंत नव्हती. "ताई, मग कुणाच्या घरी कळवायचं?"

"आमच्या," ताई म्हणाल्या. "चपराशी पाठवू नका. मी सांगते."

घड्याळजींच्या घरी माणसांची रीघ लागली होती. जो तो येऊन त्यांना हात लावून बघत होता. घड्याळजी तीच गोष्ट दहाव्यांदा सांगत होते आणि दर वेळी न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा साबण थोडा वाढत होता. भावजय आतबाहेर करत पाणी देत होती. तिच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी रंग आला होता. घड्याळजींच्या बायकोने तिला ओढून जवळ बसवले. "या पोरीनं मला जगवलं हो. नाहीतर हे आले असते आणि मीच नसते! आता हिचाही उद्यापरवा येतोय बघा."

ताई दारात उभ्या होत्या. आत जायला जागा होती, कुणीतरी सरकूनही बसले. त्या गेल्या नाहीत.

"या की ताई," घड्याळजी म्हणाले. "शर्ट आणलात?"

"नाही."

"अहो, मग काय तो शर्ट चालत शहरात जाऊन मेला?"

कुणीतरी हसायला लागले.

"शिडीच्या अंगात होता," ताई म्हणाल्या. "मी दिला होता. त्याच्या भेटीसाठी. तो तुकडा त्याचा आहे."

त्या एवढेच बोलल्या, आणि आवाज नेहमीचाच होता, खिडकीतून घर सांगावे तसा. म्हणूनच असेल, लोकांना समजायला वेळ लागला. हसणारा माणूस हसतच राहिला आणि मग एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला. घड्याळजींनी हातातला तुकडा बघितला. सकाळपासून तो ते सगळ्यांना दाखवत होते. तो कुठे ठेवावा हे त्यांना समजेना. खिशात घालवेना, खाली ठेववेना. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात जोडून त्यांच्यात तो धरून ठेवला.

भावजय रडली नाही. तिने ताईंकडे बघितले नाही, घड्याळजींकडेही नाही. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, तो तिने शेजारच्याला दिला, कारण तो त्याच्यासाठीच होता. मग ती घड्याळजींच्या बायकोकडे वळली आणि अगदी हळू, स्वयंपाकातले काही विचारावे तशी म्हणाली,

"काकू, तुम्ही पहिल्या दिवशी काय केलं होतं?"

त्या बाईचे डोळे विस्फारले. तिचा नवरा हाताच्या अंतरावर जिवंत बसलेला होता, आणि नवरा गेल्याचा पहिला दिवस कसा असतो ते या घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते, तिलाच ठाऊक होते.

"मला आठवत नाही गं," ती म्हणाली. "तूच होतीस ना."

"मी काय केलं तुमचं?"

"तू मला आडवं केलंस. पायावर पांघरूण घातलंस. आणि दार लावून घेतलंस, कुणाला आत येऊ दिलं नाहीस."

"बरं," भावजय म्हणाली.

घड्याळजी उठले. उठताना ते आपली उंची कुठे लपवावी हे न कळल्यासारखे वाकूनच उठले, आणि एकेका माणसाला खांद्याला धरून बाहेर काढू लागले. त्यांच्या बायकोने भावजयीला आत नेऊन आडवे केले आणि पायांवर पांघरूण घातले. मग ती दाराशी आली. ताई अजून तिथेच, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितले. दार लावायचे तर होते. ताई त्याच्या आत की बाहेर, हे त्या बाईला ठरवता येईना.

आतून भावजयीचा आवाज आला, "त्यांना आत घ्या."